दोर वाढलाय

मी दोर खाली टाकला तेव्हा आम्ही जमिनीपासून चाळीस फुटांवर होतो. खाली एक गोठा होता. गोठ्याला लागून विहीर, तिला कठडा नाही. त्यापलीकडे तीनशे फुटांवर तेहतीस केव्हीची विजेची लाइन. बास्केटमध्ये माझ्यासकट सात जण. वारा जेमतेम चालत्या माणसाच्या वेगाचा. घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि मी घाबरलोही नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तुम्हाला तेव्हाच वाटलं असेल ना, काहीतरी होणार म्हणून?" नाही. मला तेव्हा नाश्त्याची आठवण झाली होती.

मी बलून पायलट. वायुदलातून वैमानिक म्हणून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून हॉट एअर बलूनचं लायसन्स काढलं आणि आपल्याच गावी, संभाजीनगरला, एका कंपनीत लागलो. पर्यटकांना पहाटे देवगिरी किल्ल्याच्या बाजूने, जुन्या पडक्या तटबंदीवरून फिरवून आणायचं, हे काम. थंडीतले चार महिने धंदा, उरलेले आठ महिने बलूनचं फाटलेलं कापड शिवत बसायचं.

बलून चालवतो असं म्हणायची पद्धत आहे, पण तो चालवता येत नाही. त्याला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. हवा तापवली की वर, निवू दिली की खाली. आडवं जायचं ते वाऱ्याच्या मर्जीने. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, तेवढाच काय तो पायलटच्या हातातला खेळ. म्हणून उड्डाण सूर्य उगवताना. ऊन चढलं की जमीन तापते, हवा उसळायला लागते, मग बलून कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आणि एक दोर असतो. बास्केटला बांधलेला, पिशवीत गुंडाळून ठेवलेला, शंभर फुटांचा, नायलॉनचा. इंग्रजीत हँडलिंग लाइन. आमची जमिनीवरची माणसं त्याला 'खालचा दोर' म्हणायची. उतरताना बलून नको तिकडे निघाला तर पायलट तो खाली टाकतो, खालची माणसं धरतात आणि बलून बाजूला ओढून घेतात. अडून बसलेल्या बैलाला कासरा धरून ओढतात तसा. सीझनमध्ये दहा-बारा वेळा तरी हे करावं लागायचं. इतकं नेहमीचं की त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही.

जमिनीवरच्या टीमचे प्रमुख एकनाथराव. वय पन्नाशीच्या पुढे, फुलंब्रीजवळच्या एका गावचे. आमच्याकडे यायच्या आधी वीस वर्षं ते यारीवर होते. यारी म्हणजे विहीर खोदताना दगड-मुरूम वर काढायचं यंत्र. मोठा खांब, चाक आणि दोर. माणसंही त्याच दोराने खाली उतरतात. वर दोर सांभाळणाऱ्याच्या हातात खालच्यांचा जीव असतो. एकनाथराव नुसता हात फिरवून सांगायचे, दोर कुठं झिजलाय. मी इंजिनिअरिंग शिकलेला, मला भिंग लागायचं. तीन सीझन आम्ही बरोबर काम केलं. माझा त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. भरवसा असला की माणूस ऐकायचं सोडतो.

त्या दिवशी शरणापूरजवळच्या मैदानात आम्ही बलून अंथरला. सहा प्रवासी होते. नाशिकचं एक कुटुंब: आजोबा, मुलगा, सून, बारा वर्षांची नात. आणि हैदराबादचे एक नवराबायको. नवरा पहिल्या मिनिटापासून मोबाइलवर शूटिंग करत होता. मोठा पंखा लावून बलूनमध्ये थंड हवा भरणं चाललं होतं. पंख्याचा आवाज असा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये. मी प्रवाशांना ब्रीफिंग देत होतो: उतरताना गुडघे वाकवा, आतल्या दोऱ्या घट्ट धरा, मी सांगेपर्यंत कुणी बाहेर उडी मारायची नाही. एक माणूस जरी उतरला तरी बलून हलका होतो आणि उरलेल्यांना घेऊन वर जातो.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. एकनाथराव बास्केटपाशी होते, माझ्यापासून शंभरेक पावलांवर.

"सर, त्यो खालचा दोर वाढलाय. म्या गाठ मारून ठेवलाय."

"वा, बरं झालं!" मी म्हणालो. "असू द्या."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

आता हे का म्हणालो, ते सांगितलं पाहिजे. दोन महिने मी ऑफिसच्या मागे लागलो होतो की शंभर फुटांचा दोर पुरत नाही, दीडशे फुटांचा द्या. मेलवर मेल. उत्तर एकच: प्रोसेसमध्ये आहे. त्यामुळे 'दोर वाढलाय' म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच अर्थ आला. एकनाथरावांनी कुठून तरी पन्नास फुटांचा तुकडा पैदा केला आणि जोडला. ऑफिसला दोन महिन्यांत जमलं नाही ते या माणसाने एका रात्रीत केलं, म्हणून मी मनातल्या मनात खूशही झालो. माझ्या हातातल्या चेकलिस्टवर बारावा मुद्दा होता: हँडलिंग लाइन पाहिली. मी टिक केली. पिशवी उघडली नाही.

उड्डाण सुंदर झालं. तसं लिहायला जिवावर येतं, पण झालं. सहाशे फुटांवर गेलो तेव्हा पूर्वेकडे लाली पसरत होती. उजव्या हाताला किल्ल्याचा कातीव कडा, खाली चांद मिनार, आणि सगळीकडे पसरलेली पडकी तटबंदी. जमिनीवरून जाताना त्या नुसत्या मोडक्या भिंती वाटतात. वरून बघितलं की कळतं, एकात एक केवढी शहरं होती. बर्नर बंद असताना वर इतकी शांतता असते की खालच्या वस्तीतला कोंबडा ऐकू येतो.

"एवढं मोठं राज्य, आणि राहिलं काय तर दगड," आजोबा म्हणाले.

"आजोबा, फोटोत या ना," नात म्हणाली.

पाऊण तासाने आम्ही माळीवाड्याच्या पुढे आलो. मका काढून नेलेलं एक मोकळं रान मी उतरायला निवडलं. एकनाथराव आणि दोन माणसं पिकअप घेऊन आधीच तिथे उभी होती. उतरता उतरता खालचा वारा फिरला. तो पश्चिमेला न्यायचा, तो दक्षिणेला न्यायला लागला. मी रानाऐवजी गोठ्याकडे सरकू लागलो. ही नेहमीची गोष्ट. मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "एकनाथराव, दोर टाकतोय. मला तुमच्या उजव्या हाताला तीस पावलं ओढून घ्या." आणि पिशवी बाहेर टाकली.

दोर उलगडत खाली गेला. दोघं मागच्या टोकाकडे धावले, तेच बरोबर होतं. लांबून ओढलं की जोर चांगला लागतो. एकनाथराव मात्र सगळ्यांच्या पुढे, पार बास्केटच्या खाली आले आणि तिथे त्यांनी दोर धरला. मला राग आला. बास्केटच्या खाली कुणी उभं राहायचं नाही, हा नियम त्यांनीच नव्या माणसांना शिकवलेला. मी ओरडलो, "मागे व्हा!" ते हलले नाहीत. तिघं ओढायला लागले. बलून हळूहळू रानाकडे वळला.

आणि मग झोत आला. ऊन चढता चढता डोंगराकडून असा एखादा येतो. बलूनचं कापड एका बाजूने आत दबलं, दोर ताणला गेला, आणि मागचे दोघं धाडकन पाठीवर पडले. त्यांच्या हातात पन्नास फूट दोर होता आणि तो कशालाच बांधलेला नव्हता.

पुढचं सगळं फार तर बारा सेकंदांचं आहे. बलून सुटल्यासारखा लाइनकडे निघाला. तारा समोर असताना पायलटकडे दोनच उपाय. वर जायचं किंवा जागच्या जागी खाली बसायचं. वर जायला बर्नर लावला तरी बलून आधी पडायचा थांबतो, मग चढतो. त्यात आठ-दहा सेकंद जातात. तेवढा वेळ नव्हता. खाली बसावं तर खाली विहीर. मी लाल दोरीवर हात ठेवला. ती ओढली की बलूनच्या शेंड्यावरचं झाकण उघडतं आणि हवा निघून जाते. हात ठेवला, पण ओढू शकलो नाही. विहीर सरकून मागे जायची वाट बघत होतो.

खाली एकनाथराव एकटे दोराला धरून फरफटत चालले होते.

"सोडा!" मी ओरडलो. "एकनाथराव, सोडा दोर!"

त्यांनी सोडला नाही. विहिरीच्या कडेला एक जुना लिंब होता. यारीवरच्या माणसाने जे करावं तेच त्यांनी केलं: धावत जाऊन त्या बुंध्याला दोराचा एक वेढा दिला. दोर कचकन बसला. बास्केट हिसका खाऊन थांबली, एका अंगावर झुकली, आजोबा सुनेच्या अंगावर पडले. बलून रानाकडे गर्रकन वळला. विहीर बाजूला झाली. मी लाल दोरी ओढली ती हातभर बाहेर काढली. आम्ही आपटलो, दोन उड्या खाल्ल्या, आणि आडवे झालो. कापड पसरलं तेव्हा त्याचा शेंडा तारांच्या खांबापासून पंचवीस पावलांवर होता.

प्रवाशांना मोजलं. सहा. सगळे हलत होते, नात रडत होती. मग मी लिंबाकडे बघितलं.

एकनाथराव बुंध्याला टेकून उभे होते. पडले नव्हते, कारण पडता येत नव्हतं. उजवा हात दोर आणि बुंधा यांच्या मध्ये अडकला होता. ते ओरडत नव्हते. मी पोहोचलो तेव्हा म्हणाले, "आधी दोर सैल करा सर. कापू नका, हिसका बसंल." त्यांच्याच सांगण्याप्रमाणे आम्ही दोर सैल केला. हात बाहेर आला, तो बघून मागच्या दोघांपैकी एक जण तिथेच बसला.

घाटी हॉस्पिटलमध्ये नेलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा डॉक्टरांनी वाचवला.

संध्याकाळी कंपनीत माझं स्टेटमेंट झालं. आमचा ऑपरेशन्स मॅनेजर नितीन, पुण्याचा, तिशीतला, वाईट मुलगा नाही. त्याने विचारलं, "सर, दोर मधोमध तुटलेला होता आणि गाठ मारून जोडलेला होता. ती गाठ सुटली. हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. खरंच वाटत होतं म्हणून म्हणालो. वर आणखी म्हणालो की तुटलेला दोर गाठ मारून पिशवीत भरणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. तो शब्द माझा आहे. अक्षम्य. टाइप झालं, मी सही केली, घरी गेलो. झोपही लागली.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेलो. वॉर्डच्या दारातच एकनाथरावांची बायको उभी होती. मला बघून तिने पदर सारखा केला, पण बाजूला झाली नाही.

"सर, कंपनीचं पत्र आलंय. ह्यांनी तुटका दोर लपवला म्हणं. तुमीच लिवून दिलंय म्हणं तसं."

"वहिनी, मला खरंच कुणी..."

"वीस वर्सं यारीवर हुते. एक माणूस नाय पडला ह्यांच्या हातून. लोक म्हणायचे, एकनाथ वर आसंल तरच आमी उतरतो." तिचा आवाज चढला नाही. "बोटं गेली ती गेली. आता नावबी घ्या."

मी आत गेलो. एकनाथराव जागे होते. हातावर एवढं मोठं बँडेज.

"पाव्हणे बरे हायेत ना सर?"

"सगळे बरे आहेत. आजोबांचा गुडघा खरचटला, तेवढंच."

"मंग झालं."

मी खुर्ची ओढली. जे तीन दिवस डोक्यात होतं ते विचारलं. "एकनाथराव, तुम्ही एवढं पुढे येऊन का धरलंत? मी मागे व्हा म्हणत होतो."

"गाठीच्या वर धरायला नको व्हय? नायलॉनच्या गाठीचा काय भरवसा? ती निसटली आसती तर एक तरी माणूस वरच्या दोरावर पायजे." ते माझ्याकडे बघत राहिले. "म्या सकाळीच सांगितलं हुतं की तुमाला. दोर वाढलाय म्हणून."

तेव्हा मला कळलं.

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या भिक्षुकी होती. माझी आई बांगडी 'फुटली' असं जन्मात म्हणाली नाही. बांगडी वाढवली, म्हणायची. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. त्याच सीझनच्या पहिल्या दिवशी बलूनपुढे नारळ मीच वाढवला होता, आणि तोंडाने तोच शब्द म्हणालो होतो. अभद्र बोलायचं नाही म्हणून आपण मोडण्याला वाढणं म्हणतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पण सरळ तुटलाय म्हणायचं होतंत," मी म्हणालो.

"आसं कसं म्हणायचं? यारीवर खाली माणसं आसतेत. वरून कुणी 'दोर तुटला' म्हणलं का खालचा माणूस धीरच सोडतो. आमी वाढला म्हणायचो. समद्यांला कळायचं. आन् तुमच्यापाशी पाव्हणे उभे हुते, ती लहानी लेक हुती. त्यांनी पाय ठिवायच्या आधी तसं बोलावं का?"

"मी 'बरं झालं' म्हणालो, त्याचं तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, बरं झालं सांगितलं, आसं म्हणतेत सर."

माझ्या त्या वाक्याचा दुसरा अर्थ लागतच नव्हता. त्यांनी सांगितलं, मी 'असू द्या' म्हणालो. म्हणजे पायलटला माहीत आहे, पायलटने परवानगी दिली. पुढचं सगळं त्यांनी त्या परवानगीवर आखलं होतं. गाठीच्या वर धरायचं, हे त्यांनी सकाळीच मनाशी ठरवलं होतं.

हॉस्पिटलमधून मी थेट ऑफिसला गेलो आणि नितीनला म्हणालो, स्टेटमेंट बदलायचंय. तो हादरला.

"सर, तुमचं पहिलं स्टेटमेंट एकदम क्लीन आहे. ते हलवू नका."

"ते खोटं आहे."

"खोटं कसं? तुम्हाला जे समजलं ते तुम्ही सांगितलं. दोर वाढलाय म्हणजे दोर लांब झालाय. कुणालाही विचारा." त्याने आवाज खाली आणला. "सर, लायसन्स जाईल तुमचं. आणि एकनाथरावांना कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही, मी बघतो ना."

"बघू नकोस," मी म्हणालो. "लिहून घे."

धाडस केलं असं कुणी समजू नये. बाहेर पडून पार्किंगमध्ये मी अर्धा तास गाडीत बसून होतो, आणि त्यातली वीस मिनिटं वर परत जाऊन कागद मागे घ्यावा का, याचा विचार करत होतो. बदललेलं स्टेटमेंट कुणाला आवडत नाही. लोक म्हणणार, म्हातारा दडपणाखाली आला. पण दारात उभी राहिलेली ती बाई डोळ्यांपुढून हलेना.

चौकशीला दिल्लीहून एक अधिकारी आले. मूळचे कानपूरकडचे, मितभाषी, जाड चष्मा. हैदराबादच्या त्या प्रवाशाचा व्हिडिओ त्यांनी आधीच मागवून ठेवला होता. पंख्याच्या घरघरीत माझं ब्रीफिंग, आणि मधेच वॉकीटॉकीवर एकनाथरावांचा आवाज. सगळ्यांनी तो ऐकला. मग माझा: वा, बरं झालं, असू द्या. माझा आवाज एवढा आनंदी होता की मला मान वर करवेना.

"ये 'वाढलाय' क्या है?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"रोप लेंथ इन्क्रीज्ड, सर," नितीन म्हणाला. "लाँगर."

"नाही," मी म्हणालो, आणि हिंदीत समजवायला लागलो. "सर, हमारे यहाँ अशुभ नहीं बोलते. चूड़ी टूटी, तो बोलते हैं..."

त्यांनी हात वर केला. "बढ़ गई. समझ गया. हमारे यहाँ भी शाम को दुकान बंद नहीं करते, बढ़ाते हैं. दीया बुझाते नहीं, बढ़ाते हैं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "यानी इन्होंने साफ़ बताया था कि रस्सी टूटी है. गाँठ लगाई है, ये भी बताया. मैं बाहर का आदमी, दो सेकंड में समझ गया. आप मराठी होकर नहीं समझे?"

मी म्हणालो, "नहीं समझा, सर."

"और चेकलिस्ट पर टिक?"

"देखे बिना की."

त्यांनी लिहून घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत एकनाथराव हात मांडीवर ठेवून बसले होते. नितीन खिडकीबाहेर बघत होता.

निकाल काही महिन्यांनी आला. दोष पायलटचा. माझं लायसन्स निलंबित झालं आणि माझ्या वयात निलंबित म्हणजे संपलंच. कंपनीने शाल-श्रीफळ न देता निरोप दिला. एकनाथरावांवरचं पत्र मागे घेतलं, त्यांचा उपचाराचा हक्क मान्य झाला, त्यांना स्टोअरला बसायचं काम दिलं. दोर हाताळायचं नाही. आता शंभर फुटांचा दोर नाही, दीडशेचा आलाय. तो लगेच आला.

नव्या पायलटांना कधी बोलावलं तर मी एकच गोष्ट सांगतो. विमानतळाचा टॉवर आपल्याला काही सांगतो तेव्हा आपण त्याचं वाक्य शब्दाला शब्द परत म्हणून दाखवतो. त्याला रीडबॅक म्हणतात. समोरच्याने जे सांगितलं तेच आपल्याला कळलं ना, याची खात्री करायची ती पद्धत. मी तीस वर्षं टॉवरच्या प्रत्येक शब्दाचा रीडबॅक दिला, कारण तो साहेब. एकनाथरावांच्या एकाही वाक्याचा दिला नाही. "दोर वाढलाय म्हणजे काय झालं?" एवढं विचारायला तीन सेकंद लागले असते. मुलं वहीत लिहून घेतात. मनावर घेतात का नाही, ते चेकलिस्ट भरताना कळेल.

निकालाची प्रत घ्यायला आम्हा दोघांना एकाच दिवशी ऑफिसला बोलावलं होतं. मिळाल्याची सही करायची होती. एकनाथरावांना इंग्रजी येत नाही, म्हणून क्लार्क बाईंनी सातवा मुद्दा मराठीत वाचून दाखवला: जमिनीवरील पथकप्रमुखाने दोर तुटल्याची सूचना उड्डाणाआधी स्पष्टपणे दिली होती.

"परत वाचा," एकनाथराव म्हणाले.

बाईंनी परत वाचलं.

"स्पष्टपणे, आसंच लिवलंय?"

"हो, असंच आहे."

त्यांनी मान हलवली. बाईंनी पेन पुढे केलं. मी सही केली आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. एकनाथराव सातवीपर्यंत शिकलेले. पगाराच्या रजिस्टरवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहायचे, टपोऱ्या अक्षरात, रेघ न मोडता. त्यांनी डाव्या हाताने पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि एक वेडीवाकडी रेघ उमटल्यावर खाली ठेवलं.

"शाईचं पॅड हाय का बाई?" त्यांनी विचारलं. "अंगठा तेवढा ठिवलाय डॉक्टरनं."

पॅड शोधायला वेळ लागला. आजकाल कुणी ठेवत नाही. अखेर स्टोअरमधून एक वाळकं पॅड आलं, त्यावर बाईंनी पाण्याचे दोन थेंब टाकले. एकनाथरावांनी उजवा अंगठा त्यावर दाबला, मग कागदावर दाबला, आणि फडक्याला पुसला.

तो कागद फाइलमध्ये आहे. वेळेवर सांगणाऱ्याचा त्यावर अंगठा आहे, आणि ऐकून न घेणाऱ्याची सही.